तेजी-मंदीची भाकिते आणि आपला पैसा : वाचकांचे प्रश्न

शेअर बाजार आणि अर्थव्यवस्था यांचे नाते, तसेच तज्ज्ञांची भाकिते या विषयांवर या सदराकडे बरीच पत्रे आली आहेत. त्यांतील काही प्रश्न थोडक्यात देऊन या वेळी एकत्र उत्तरे देत आहे. एकाच आशयाची पत्रे एका प्रश्नात सामावून घेतली आहेत आणि पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे. २०२० साली टाळेबंदीत सगळे ठप्प असताना सेन्सेक्स वर चढत होता. उलट २०२४ च्या अखेरीस आपली अर्थव्यवस्था वेगाने वाढत असल्याच्या बातम्या रोज येत असताना बाजार मात्र महिनोन् महिने घसरत राहिला. शेअर बाजार हा अर्थव्यवस्थेचा आरसा असतो, असे आम्ही वर्गात शिकवत आलो. ते चुकीचे होते का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : चुकीचे म्हणता येणार नाही, अपुरे मात्र होते. आपण दिलेली दोन्ही उदाहरणे नेमकी असल्यामुळे आकडे समोर ठेवूनच पाहू. जानेवारी २०२० मध्ये सेन्सेक्स ४१,९५२ या तेव्हाच्या उच्चांकावर बंद झाला होता. २३ मार्चला, म्हणजे देशव्यापी टाळेबंदी जाहीर होण्याच्या आदल्या दिवशी, तो ३,९३४ अंशांनी कोसळून २५,९८१ वर आला. त्यानंतरच्या एप्रिल ते जून या तिमाहीत देशाचे सकल देशांतर्गत उत्पादन २३.९ टक्क्यांनी आकसल्याचे सरकारने ३१ ऑगस्टला जाहीर केले. तोवर सेन्सेक्स साडेअडतीस हजारांवर पोहोचला होता आणि पुढच्या जानेवारीत त्याने पन्नास हजारांचा टप्पाही ओलांडला. सर्वांत वाईट आकडा ज्या दिवशी लोकांनी ऐकला, त्याच्या पाच महिने आधीच बाजाराने त्याचे सुतक पाळून संपवले होते.

याचे कारण शेअरच्या भावात काय मोजले जाते, यात आहे. कंपनीचा भाव म्हणजे तिच्या येत्या पंधरा-वीस किंवा त्याहून अधिक वर्षांच्या नफ्याची आज केलेली किंमत असते. एखाद्या कंपनीच्या शेअरचा भाव वार्षिक नफ्याच्या वीसपट असेल आणि तिचा एका वर्षाचा नफा समूळ बुडाला, तरी हिशेबाने भावाचा विसावा भाग, म्हणजे पाच टक्के, एवढेच नुकसान होते. मार्च २०२० मध्ये निर्देशांक अडतीस टक्के पडला तो एक वर्ष वाया जाईल म्हणून नव्हे, तर अनेक कंपन्या टिकणारच नाहीत या धास्तीने. ती धास्ती ओसरली, तेव्हा भाव सावरले. त्यातच रिझर्व्ह बँकेने मार्च आणि मे या दोन महिन्यांत रेपो दर, म्हणजे बँकांना ती ज्या व्याजाने अल्पकाळ कर्ज देते तो दर, ५.१५ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आणला होता. व्याजदर उतरला की दूरच्या नफ्याची आजची किंमत वाढते आणि मुदत ठेवीवर समाधानी असलेला पैसाही बाजाराकडे वळतो. परकीय वित्तसंस्थांनी २०२०-२१ या आर्थिक वर्षात आपल्या शेअर बाजारात सुमारे पावणेतीन लाख कोटी रुपये आणले, त्यामागे अमेरिकेतील जवळजवळ शून्यावर आलेले व्याजदर होते.

दुसरे कारण असे की, सेन्सेक्समध्ये तीस कंपन्या आहेत आणि देश त्या तीस कंपन्यांचा नाही. आपले सुमारे पंचेचाळीस टक्के कामकरी लोक शेतीवर आहेत, पण निर्देशांकात शेतीला थेट स्थान नाही. टाळेबंदीत बंद पडलेली केशकर्तनालये, खानावळी, रिक्षा आणि बांधकामावरचे मजूर यांपैकी कोणाचाही शेअर दलाल स्ट्रीटवर विकला जात नाही. उलट तेथील मोठ्या माहिती-तंत्रज्ञान कंपन्यांची बहुतांश मिळकत अमेरिका आणि युरोपातून येते. लहान व्यवसाय बंद पडल्यावर त्यांचे गिऱ्हाईक मोठ्या, नोंदणीकृत कंपन्यांकडे गेले, हेही त्या वर्षी घडले. समाजाचे जे नुकसान होते, त्यातला काही भाग या तीस कंपन्यांच्या पदरात नफा म्हणून पडू शकतो. हे कडू आहे, पण नोंदवलेच पाहिजे.

आता २०२४. सप्टेंबरच्या अखेरीस सेन्सेक्स ८५,८३६ वर बंद झाला आणि मार्च २०२५ च्या पहिल्या आठवड्यात तो ७३,००० च्या आसपास होता. त्या आर्थिक वर्षात अर्थव्यवस्था साडेसहा टक्क्यांनी वाढली, जी गती जगातल्या कोणत्याही मोठ्या देशाला हेवा वाटावी अशी आहे. मात्र सप्टेंबरमध्ये जे भाव होते, ते त्याहून बऱ्याच सरस कामगिरीची अपेक्षा धरून चढलेले होते. कंपन्यांच्या नफ्याचे तिमाही आकडे त्या अपेक्षेला पुरे पडले नाहीत आणि एकट्या ऑक्टोबरमध्ये परकीय गुंतवणूकदारांनी नव्वद हजार कोटींहून अधिक रुपयांचे शेअर विकले. वाढ चांगली होती, अपेक्षा तिच्यापेक्षा मोठी होती. भाव नेहमी या दोहोंमधल्या अंतरावर हलतो.

याहून ठळक उदाहरण हवे असेल तर १९९२ पाहा. मार्च १९९१ मध्ये बाराशेच्या आत असलेला सेन्सेक्स २२ एप्रिल १९९२ रोजी ४,४६७ वर गेला. मग रोखे घोटाळा उघडकीस आला. त्यानंतर अकरा वर्षांनी, मार्च २००३ च्या अखेरीस, तोच निर्देशांक तीन हजारांच्या थोडा वर होता. त्या अकरा वर्षांत अर्थव्यवस्था दरसाल सरासरी साडेपाच-सहा टक्क्यांनी वाढत होती. उदारीकरणामुळे देश पुढे जाईल, हे ज्याने १९९२ साली अचूक ओळखले आणि त्या विश्वासाने एप्रिलमध्ये शेअर घेतले, त्याचे भाकीत खरे ठरले आणि भांडवल मात्र घटले.

प्रश्न : नाणेनिधी, जागतिक बँक, रिझर्व्ह बँक यांच्याकडे एवढी माहिती, एवढे संगणक आणि एवढे अर्थशास्त्रज्ञ असतात. तरीही त्यांचे अंदाज दर तीन महिन्यांनी का बदलतात? मग अंदाज करायचाच कशाला? (पदव्युत्तर विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : प्रथम बदलत्या अंदाजांचा एक पूर्ण नमुना पाहू. २०२०-२१ या वर्षात भारताची अर्थव्यवस्था १.९ टक्क्यांनी वाढेल, असे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने एप्रिल २०२० मध्ये म्हटले. जूनमध्ये तो आकडा उणे ४.५ झाला, ऑक्टोबरमध्ये उणे १०.३ आणि जानेवारी २०२१ मध्ये उणे ८. महासाथीच्या वर्षात असे होणे समजण्यासारखे आहे. आपण विद्यार्थिनी आहात, म्हणून त्यापुढचा भाग अधिक लक्ष देऊन वाचावा. वर्ष संपल्यावर, मे २०२१ मध्ये, आपल्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने प्रत्यक्ष घट ७.३ टक्के असल्याचे जाहीर केले. जानेवारी २०२२ मध्ये ती ६.६ टक्के झाली आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये ५.८ टक्के. वर्ष तेच, आणि तेही उलटून गेलेले. बदलत होते ते भूतकाळाविषयीचे आपले ज्ञान.

यात कोणाची लबाडी शोधण्याचे कारण नाही. तिमाही संपल्यानंतर सुमारे दोन महिन्यांनी जो पहिला आकडा येतो, तो हाती असलेल्या तुटपुंज्या खुणांवरून बांधलेला असतो. त्यात नोंदणीकृत कंपन्यांचे निकाल, औद्योगिक उत्पादन, सिमेंट आणि पोलादाचा खप, वाहनविक्री, कर-संकलन अशा गोष्टी असतात. असंघटित क्षेत्राचे दर तीन महिन्यांनी मोजमाप होत नाही. त्याची हालचाल मोठ्या प्रमाणात संघटित क्षेत्राच्या खुणांवरूनच धरली जाते. सविस्तर हिशेब येत जातात तसा आकडा सुधारला जातो. म्हणजे जो तज्ज्ञ पुढच्या वर्षाचे भाकीत करतो, त्याला आपण आज कुठे उभे आहोत हेही नीट माहीत नसते.

शांत काळातही असे घडते. ऑक्टोबर २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या पतधोरण समितीने जुलै ते सप्टेंबर या तिमाहीच्या वाढीचा अंदाज ७ टक्के दिला होता. लक्षात घ्या, ती तिमाही तेव्हा संपलेली होती. २९ नोव्हेंबरला प्रत्यक्ष आकडा आला तो ५.४ टक्के. डिसेंबरच्या बैठकीत समितीने पूर्ण वर्षाचा अंदाज ७.२ वरून ६.६ टक्क्यांवर आणला. मधल्या दोन महिन्यांत बाजार भरपूर पडला होता, आणि तो आकडा जाहीर झाल्यानंतरच्या सोमवारी सेन्सेक्स चढून बंद झाला. ज्यांनी आकडा वाईट येणार हे ओळखले होते, त्यांनीही त्या सोमवारी बाजार वर जाईल हे ओळखले असेलच, असे म्हणवत नाही.

मंदीच्या बाबतीत तर तज्ज्ञांची कामगिरी फारच ओशाळवाणी आहे. नाणेनिधीचेच अर्थशास्त्रज्ञ प्रकाश लोंगानी यांनी १९९० च्या दशकात जगभर आलेल्या मंदींचा आढावा घेतला. अशा साठ मंदींपैकी अवघ्या दोन मंदींचा अंदाज वर्षभर आधी तज्ज्ञांच्या सरासरी मतात उमटला होता. याला माणसाचा स्वभावही कारणीभूत आहे. सगळ्यांबरोबर चुकणाऱ्याची नोकरी टिकते, एकट्याने चुकणाऱ्याची टिकत नाही, म्हणून अंदाज एकमेकांच्या आसपास घुटमळतात आणि मधल्या, सुरक्षित आकड्याकडे झुकतात. मोठी वळणे मात्र मधल्या आकड्यावर कधीच येत नाहीत.

बाजाराच्या बाबतीत आणखी एक अडचण असते आणि ती संगणक वाढवून सुटणारी नाही. येत्या डिसेंबरात सेन्सेक्स दहा टक्के वर असेल, हे उद्या सकाळी सर्वांना पटले, तर डिसेंबरपर्यंत कोणी थांबणार नाही. सर्व जण उद्याच खरेदी करतील, भाव उद्याच चढेल आणि डिसेंबरसाठी काही उरणार नाही. विश्वासार्ह भाकीत स्वतःलाच खाऊन टाकते. उपलब्ध माहिती भावात आधीच उतरलेली असते, या विचाराला शास्त्रीय मांडणी देणारे युजीन फामा आणि भाव वास्तवापेक्षा फार अधिक हेलकावतात हे दाखवणारे रॉबर्ट शिलर, या दोघांना २०१३ साली लार्स पीटर हॅन्सन यांच्यासह एकाच वर्षी अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. काहींनी तेव्हा याची चेष्टा केली. मला त्यात विसंगती दिसत नाही. भाव चुकीचा आहे हे कळणे एक आणि तो केव्हा दुरुस्त होईल हे कळणे दुसरे, आणि पैसे दुसऱ्या गोष्टीवर मिळतात.

राहिला ‘मग कशाला’ हा प्रश्न. सरकारला अंदाजपत्रक बांधायचे असते, रिझर्व्ह बँकेला आजच व्याजदर ठरवायचा असतो, वीज कंपनीला पाच वर्षांनंतरच्या मागणीसाठी आज संच उभारायचा असतो. त्यांना कोणता तरी आकडा धरल्याशिवाय पुढे जाता येत नाही. रिझर्व्ह बँक आपल्या अंदाजाभोवती पंख्यासारखा पसरत जाणारा आलेख छापते आणि प्रत्यक्ष आकडा किती वर किंवा खाली जाऊ शकतो ते दाखवते. अंदाजाचा सर्वांत प्रामाणिक भाग तोच असतो, आणि नेमका तोच वर्तमानपत्राच्या मथळ्यात येत नाही.

प्रश्न : २०२२ च्या अखेरीस इथे अमेरिकेत सगळे जण मंदी अटळ असल्याचे सांगत होते. मी निवृत्तीनिधीतील समभागांचा मोठा हिस्सा रोखीत वळवला. मंदी आली नाही. हे अपवादात्मक होते का? (एक वाचक, न्यू जर्सी)

उत्तर : नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये ब्लूमबर्गच्या अर्थतज्ज्ञांच्या प्रारूपाने बारा महिन्यांत अमेरिकेत मंदी येण्याची शक्यता चक्क १०० टक्के दाखवली होती. दीर्घ मुदतीच्या सरकारी रोख्यांवरचा व्याजदर अल्प मुदतीच्या दराखाली गेला होता, आणि आधीच्या अनेक मंदींपूर्वी असे घडलेले असल्याने ती खूण जवळजवळ सिद्ध मानली जात असे. प्रत्यक्षात २०२३ मध्ये अमेरिकेची अर्थव्यवस्था अडीच टक्क्यांहून कमी गतीने वाढली नाही आणि एस अँड पी ५०० निर्देशांक सुमारे २४ टक्के चढला. बाजाराला स्वतःलाही भाकीत जमते असे नाही. वॉल स्ट्रीटच्या निर्देशांकांनी गेल्या पाच मंदींपैकी नऊ ओळखल्या, असा टोमणा पॉल सॅम्युएलसन यांनी १९६६ सालीच मारला होता.

उलट बाजूची चूकही तितकीच जुनी आहे. येल विद्यापीठाचे अर्व्हिंग फिशर हे त्यांच्या पिढीतील अग्रगण्य अर्थशास्त्रज्ञ. शेअरचे भाव आता कायमच्या उंच पठारावर पोहोचल्यासारखे दिसतात, असे ते ऑक्टोबर १९२९ मध्ये म्हणाले आणि काही दिवसांतच पडझड सुरू झाली. सप्टेंबर १९२९ मध्ये ३८१ वर असलेला डाऊ जोन्स निर्देशांक जुलै १९३२ मध्ये ४१ वर आला आणि ३८१ पुन्हा गाठायला त्याला नोव्हेंबर १९५४ उजाडले. फिशर यांची स्वतःची मोठी संपत्ती त्यात गेली. म्हणजे ते मनापासून बोलत होते, हे तरी मान्य करावे लागते.

प्रश्न : निवडणुकीच्या निकालाचा अंदाज बरोबर आला तर ऑप्शन्समध्ये (ठरलेल्या भावाने पुढे खरेदी-विक्री करण्याचा हक्क देणाऱ्या सौद्यांत) एका दिवसात चांगला पैसा मिळतो, असे माझे मित्र सांगतात. राजकारणाची मला चांगली जाण आहे. हा मार्ग अभ्यासपूर्वक वापरता येईल का? (अभियंता, वय २६, पुणे)

उत्तर : आपल्या राजकीय जाणकारीविषयी शंका नाही, तरीही माझे उत्तर नकारार्थी आहे. येथे दोन कुलपे उघडावी लागतात. निकाल ओळखणे हे पहिले, आणि तो निकाल भावात किती आधीच धरलेला आहे हे ओळखणे दुसरे. बहुतेक जण पहिले कुलूप उघडण्यातच सारी हुशारी खर्च करतात.

१ जून २०२४ च्या संध्याकाळी मतदानोत्तर चाचण्या आल्या आणि सोमवारी, ३ तारखेला, सेन्सेक्स अडीच हजार अंशांनी उसळून ७६,४६९ वर गेला. ४ तारखेला मतमोजणीत भाजपला २४० जागा मिळत असल्याचे दिसले आणि तो ४,३९० अंशांनी कोसळून ७२,०७९ वर आला. सत्ताधारी आघाडीला बहुमत मिळणार, हे ज्यांनी ओळखले होते त्यांचे म्हणणे खरे ठरले, पण चाचण्यांनी त्याहून मोठा आकडा भावात भरून ठेवला होता. आणि ७ जूनला, म्हणजे आणखी तीन दिवसांनी, सेन्सेक्स ७६,६९३ या नव्या उच्चांकावर बंद झाला. एका आठवड्यात तेजीवाले आणि मंदीवाले दोघेही बरोबर ठरले आणि दोघेही बुडाले.

थोडे मागे गेले तर हेच अधिक स्पष्ट दिसते. २००४ मध्ये वाजपेयी सरकार निवडणुकीत पराभूत झाले. डाव्या पक्षांच्या पाठिंब्यावर येणारे सरकार निर्गुंतवणूक, म्हणजे सरकारी कंपन्यांतील हिस्सा विकणे, थांबवील या भीतीने १७ मे रोजी बाजार इतका पडला की, व्यवहार दोनदा थांबवावे लागले. सेन्सेक्स ११ टक्के घसरून ४,५०५ वर बंद झाला. त्याच सरकारच्या काळात, जानेवारी २००८ मध्ये, तो २१,००० च्या घरात होता. २००९ मध्ये काँग्रेस आघाडी अनपेक्षित बळाने परत आली, तेव्हा १८ मे रोजी बाजार उघडताच वरचे सर्किट लागले, म्हणजे चढण्याची ठरवून दिलेली मर्यादा गाठली गेली. व्यवहार थांबले, पुन्हा सुरू झाले आणि लगेच दिवसभरासाठी बंद करावे लागले. निर्देशांक १७ टक्के वर गेला, पण प्रत्यक्ष सौदे काही क्षणच होऊ शकले. निकाल कळल्यावर खरेदी करू, असे म्हणणाऱ्यांना खरेदीची संधीच मिळाली नाही.

२००९ हे वर्ष आणखी एका कारणासाठी ध्यानात ठेवावे. हवामान खात्याने त्या एप्रिलमध्ये सरासरीच्या ९६ टक्के पावसाचा अंदाज दिला होता. पडला ७८ टक्के, १९७२ नंतरचा सर्वांत कमी. शेतीप्रधान देशात एवढा दुष्काळ पडणार हे जानेवारीतच कोणाला कळले असते, तर त्याने शेअर विकून टाकण्याचा सल्ला दिला असता. त्या कॅलेंडर वर्षात सेन्सेक्स ८१ टक्के वाढला.

ऑप्शन्सचे तर आणखी वेगळे आहे. निकालाआधी अनिश्चितता वाढते, म्हणून विक्रेते प्रीमियम, म्हणजे त्या हक्काची किंमत, चढा लावतात. निकाल लागताच अनिश्चितता संपते आणि प्रीमियम गळतो. त्यामुळे दिशा बरोबर ओळखूनही खरेदीदाराचा पैसा जाऊ शकतो. शेअर बाजाराचे नियमन करणाऱ्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये व्यवहार करणाऱ्या वैयक्तिक व्यापाऱ्यांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले आणि त्यांचा एकत्रित तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक होता. एक लाखाहून अधिक नफा कमावणारे अवघे एक टक्का होते. त्या ९३ टक्क्यांतही राजकारणाची चांगली जाण असलेले लोक पुष्कळ असतील.

प्रश्न : काही विश्लेषकांचे अंदाज सलग बरोबर येतात. त्यांचे तरी ऐकायला काय हरकत आहे? शिवाय एका गटात दरमहा ठरावीक टक्के परताव्याची खात्री देतात, त्याविषयीही सांगावे. (लहान व्यावसायिक, मडगाव)

उत्तर : १,०२४ माणसांनी एकाच वेळी नाणेफेक करत राहावे आणि ज्याचा छाप पडणार नाही त्याने बाहेर पडावे, असे केले तर दहा फेऱ्यांनंतर साधारण एक माणूस असा उरतो, ज्याला दहाही वेळा छाप मिळाला. त्याची मुलाखत घेतली तर तो मनगट कसे वळवायचे, हेही सांगेल. देशात बाजाराविषयी रोज बोलणारे हजारोंनी आहेत, त्यामुळे कोणी ना कोणी नेहमीच सलग बरोबर असणार. पुढच्या वेळी तो कोण असेल, हे मात्र मागच्या यशावरून ठरत नाही.

हे अनुमान पडताळून पाहिले गेलेले आहे. अमेरिकेतील आल्फ्रेड कौल्स यांनी १९३३ साली सोळा सल्लागार संस्था, वीस विमा कंपन्या आणि बाजारविषयक पत्रके यांच्या शिफारशींचा हिशेब मांडला. भाकीत करणाऱ्यांना भाकीत करता येते का, या प्रश्नाला त्यांचे उत्तर ‘शंकास्पद’ असे होते. त्यात बाजाराची दिशा ओळखू पाहणाऱ्या डाऊ सिद्धान्ताचे प्रसिद्ध भाष्यकार विल्यम हॅमिल्टन यांच्या सव्वीस वर्षांच्या संपादकीयांचाही हिशेब होता. त्यांच्या सल्ल्याने वागणाऱ्याला वर्षाला १२ टक्के मिळाले असते आणि काहीच न करता शेअर धरून बसलेल्याला साडेपंधरा. विश्लेषकांकडून कंपनीचा धंदा कसा चालतो, कर्ज किती, नफा कुठून येतो हे अवश्य समजून घ्यावे, त्यात ते खरोखर उपयोगी असतात. ‘पुढच्या आठवड्यात निफ्टी कुठे’ या भागाच्या वेळी चहा करून घ्यावा.

आपल्या गटाविषयी मात्र थोडक्यात आणि स्पष्ट सांगतो. शेअर बाजारात परताव्याची खात्री देण्यास सेबीची मनाई आहे. सल्ला देणाऱ्याने सेबीकडे नोंदणी केलेली असावी लागते आणि तो नोंदणी क्रमांक सेबीच्या संकेतस्थळावर तपासता येतो. केवळ ‘शिक्षण देतो’ असे म्हणणाऱ्यालाही जानेवारी २०२५ च्या परिपत्रकानुसार ताजे भाव वापरता येत नाहीत, किमान तीन महिने जुने वापरावे लागतात. गटातून बाहेर पडा, आणि पैसे दिले असतील तर सायबर पोलिसांकडे तक्रार करा.

प्रश्न : मुलीच्या वैद्यकीय प्रवेशासाठी दोन वर्षांनी मोठी रक्कम लागणार आहे. ती दहा वर्षांपासून एसआयपीने, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कम घालून, समभाग फंडात साठवली आहे. दीर भावजींचे म्हणणे, मोठी पडझड येणार, आत्ताच सगळे काढा आणि खाली आल्यावर परत घाला. फंड विकणारे म्हणतात, दीर्घकाळात बाजार वरच जातो, काढू नका. कोणाचे ऐकू? (गृहिणी, कोल्हापूर)

उत्तर : ताई, दोघांचेही अर्धेच ऐका. पडझड येणार की नाही, हे आपल्या भावजींना माहीत नाही आणि मलाही नाही. पण आपल्याला एक गोष्ट नक्की माहीत आहे, ती म्हणजे पैसा लागण्याची तारीख. या विषयात एवढी खात्रीची माहिती क्वचितच कोणाजवळ असते आणि निर्णय तिच्यावरच घ्यावा. दोन वर्षांत लागणारी रक्कम समभागांत ठेवू नये. हे मी बाजार पडेल म्हणून सांगत नाही. तो पडला तर प्रवेशाच्या वेळेपर्यंत सावरेलच, असे कोणी सांगू शकत नाही, म्हणून सांगतो.

काढून खाली आल्यावर परत घालण्याचा बेत मात्र सोडून द्यावा. सर्वांत मोठ्या घसरणी आणि सर्वांत मोठ्या उसळ्या एकमेकींना लागून येतात. २३ मार्च २०२० च्या १३ टक्के घसरणीनंतर दोनच आठवड्यांनी, ७ एप्रिलला, सेन्सेक्स एका दिवसात जवळजवळ ९ टक्के वाढला. तेव्हा टाळेबंदी चालू होती, बातम्या भीतीदायक होत्या, आणि बाहेर पडलेल्यांपैकी फारच थोड्यांना त्या दिवशी परत शिरण्याचे धैर्य झाले असेल.

‘दीर्घकाळात वरच’ हे विधानही जपून वापरावे. जपानचा निक्केई निर्देशांक डिसेंबर १९८९ अखेर ३८,९१५ वर होता आणि तो आकडा त्याने पुन्हा ओलांडला फेब्रुवारी २०२४ मध्ये. आपल्याकडे १९९२ नंतर काय झाले, ते वर साताऱ्याच्या पत्राच्या उत्तरात आले आहे. दरमहा थोडे थोडे गुंतवणाऱ्याचे हाल एकरकमी गुंतवणाऱ्याइतके होत नाहीत, कारण त्याची खरेदी चढ्या आणि उतरत्या अशा दोन्ही भावांत विभागली जाते. तरी दीर्घकाळ म्हणजे नेमकी किती वर्षे, हे कोणी आधी लिहून देत नाही.

प्रवेशासाठी लागणारी रक्कम आजच्या शुल्कात दोन वर्षांच्या वाढीची थोडी भर घालून ठरवा आणि तेवढी दोन-तीन टप्प्यांत मुदत ठेवीत हलवा. त्याहून अधिक जमलेले असेल आणि ते आठ-दहा वर्षे लागणार नसेल, तर ते समभाग फंडात राहू द्यावे. ठेवी एकाच बँकेत ठेवू नयेत. ठेव विम्याचे संरक्षण एका बँकेत एका ठेवीदाराला मुद्दल आणि व्याज मिळून पाच लाख रुपयांपर्यंत असते, आणि आपल्या भागात नागरी सहकारी बँका व पतसंस्था बऱ्याच असल्याने हे आवर्जून सांगतो की, पतसंस्थेतील ठेवींना हे संरक्षण मुळीच नाही. टप्पे पाडण्याचा आणखी एक फायदा करात होतो. समभाग फंडाच्या एक वर्षाहून जुन्या युनिट्सवरील नफ्यापैकी एका आर्थिक वर्षात सव्वा लाख रुपयांपर्यंतचा नफा करमुक्त असतो आणि त्यावरील नफ्यावर साडेबारा टक्के कर लागतो. म्हणून पहिला टप्पा ३१ मार्चपूर्वी आणि दुसरा १ एप्रिलनंतर काढला, तर ही सवलत दोनदा मिळते. युनिट्स आपल्या नावावर आहेत की यजमानांच्या, हे आधी पाहून घ्यावे, कारण ज्याच्या नावावर ती असतील त्याच्याच विवरणपत्रात हा नफा दाखवावा लागेल.